साहेबांचा मेसेज आणि दौंडचा कॉलबॉय

रात्री साडेनऊला साहेबांचा मेसेज आला तर उत्तर द्यायलाच हवं का? नोकरी करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हा प्रश्न पडतो, पण तो घेऊन वकिलाकडे कुणी जात नाही. तो घरातच विचारला जातो, ताट पुढ्यात असताना. आणि घरातलं कुणी काही बोलायच्या आत अंगठ्यानं उत्तर देऊनही टाकलेलं असतं: ‘ओके सर’, ‘करतो सर’, नाहीतर नुसते जोडलेले हात.

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेचे शेजारी तालुके. मधून भीमा वाहते. रांजणगावच्या एमआयडीसीत मोटारी, फ्रीज आणि टीव्ही बनतात, कुरकुंभला रसायनं आणि औषधं. दौंडला रेल्वेचं जंक्शन आहे, राज्य राखीव पोलीस दलाचे दोन गट आहेत. गावोगावी झेडपीची शाळा, अंगणवाडी, तलाठी, पतसंस्था. एवढ्या परिसरात नोकरीचे इतके प्रकार आहेत की वरच्या प्रश्नाचं एकच उत्तर सगळ्यांना लागू पडणं शक्य नाही. म्हणून आधी थोडं मागे जाऊ.

१. निरोप नवा नाही

कामावरून घरी निरोप येणं ही मोबाइलनं आणलेली पीडा आहे, असा एक समज आहे. दौंडच्या रेल्वे वसाहतीतल्या जुन्या माणसांना तो पटणार नाही. मालगाडीला वेळापत्रक नसतं. गाडी तयार झाली की तिला ड्रायव्हर, फायरमन आणि गार्ड लागतात, आणि ते त्या वेळी क्वार्टरमध्ये झोपलेले असू शकतात. त्यांना उठवायला रेल्वेनं एक माणूसच नेमलेला असे. त्याला कॉलबॉय म्हणत. गाडी सुटण्याच्या साधारण दोन तास आधी तो दार वाजवायचा, हातातलं बुक पुढे करायचा आणि सही घ्यायचा. सही झाली की ड्युटी लागली.

म्हणजे ऐन मध्यरात्री वरिष्ठांचा निरोप घरात येत होता, तोही नाकारता न येणारा. तरी आजच्या मेसेजपेक्षा तो पार वेगळा होता. निरोप कोण पाठवणार हे ठरलेलं होतं. किती वेळ आधी पाठवायचा हे ठरलेलं होतं. त्याची लेखी नोंद राहत होती. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, आधीची विश्रांती पुरी झाल्याशिवाय तो पाठवायचा नाही, असा नियम होता.

हे नियम आपोआप आले नाहीत. रेल्वे कामगारांचे कामाचे तास १९३० मध्ये पहिल्यांदा कायद्यात आले. १९४७ मध्ये न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या निवाड्यानं तास आणि विश्रांती यांची नव्यानं मांडणी केली. १९८९ च्या रेल्वे कायद्यानुसार इंजिनावरच्या कर्मचाऱ्यांना महिन्यातून किमान चार वेळा सलग ३० तासांची, किंवा पाच वेळा सलग २२ तासांची विश्रांती द्यावी लागते, आणि तिच्यात एक पूर्ण रात्र यावी लागते. आठ तास किंवा त्याहून जास्त ड्युटी करून मुख्यालयी परतलेल्या लोको पायलटला १६ तास विश्रांती हा सर्वसाधारण नियम आहे.

या नियमांवर आजही भांडण आहे. त्या ३० तासांत ड्युटीनंतरचे १६ तास धरायचे की ते वेगळे मोजायचे, यावर लोको पायलटांच्या संघटना आणि रेल्वे प्रशासन यांचं एकमत नाही. पण भांडायला आकडा तरी आहे. पतसंस्थेतल्या क्लार्कला रात्री दहाला ‘उद्याचं स्टेटमेंट पाठवा’ असा मेसेज आला, तर त्याच्याजवळ भांडायला आकडासुद्धा नसतो.

कॉलबॉय आता इतिहासजमा झाला. बोलावणं मोबाइलवर येतं, नोंद संगणकात होते. चौकट मात्र तीच राहिली. बाकीच्या नोकऱ्यांत मोबाइल आला तो चौकटीशिवाय.

२. कामाचा वेळ, मोकळा वेळ आणि मधला वेळ

पुढचं समजण्यासाठी एक कल्पना स्पष्ट व्हायला हवी. आपण दिवसाचे दोन भाग करतो: कामाचा आणि आपला. प्रत्यक्षात तिसराही भाग असतो. त्यात माणूस काम करत नसतो, पण मोकळाही नसतो.

शिरूर-दौंडच्या शेतकऱ्याला हा तिसरा भाग समजावून सांगावा लागणार नाही. शेतीपंपाची थ्री फेज लाइट काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री अशी पाळीनं येते. रात्रपाळीच्या आठवड्यात तो अंथरुणावर पडलेला असतो, पण कान मोटारीकडे असतो. लाइट आली की उठून उसाला पाणी धरायचं. लाइट आलीच नाही, तर त्या रात्री त्यानं काम केलं असं कुणी म्हणणार नाही. झोप झाली असं तो स्वतःही म्हणणार नाही.

साहेबांच्या मेसेजची वाट पाहणं याच जातीचं आहे. मेसेज वाचायला दहा सेकंद आणि उत्तर लिहायला वीस सेकंद लागतात, हे मालकाचं म्हणणं खरंच असतं. खर्च होतो तो त्या तीस सेकंदांच्या अलीकडचा आणि पलीकडचा वेळ. फोन उलटा ठेवून मुलाचा अभ्यास घेताना दर पाच मिनिटांनी तो सुलटा करून पाहावासा वाटतो, तो वेळ कोणत्याच हजेरीपत्रकावर येत नाही.

या मधल्या वेळाला काही देशांत नाव आहे आणि दामही आहे. फ्रान्समधल्या एका कीडनियंत्रण कंपनीचा विभागीय प्रमुख न्यायालयात गेला. अडचण आली तर हाताखालच्या लोकांना आपल्याशी बोलता यावं, म्हणून त्याला फोन कायम चालू ठेवावा लागत होता. त्याबद्दल वेगळा मोबदला नव्हता. जुलै २०१८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की ही हजर राहण्याची पाळीच होती, आणि कंपनीला त्याला सुमारे ६० हजार युरो द्यावे लागले. किती फोन आले याला त्यात फारसं महत्त्व नव्हतं. फोन चालू ठेवायची सक्ती होती, एवढं पुरलं.

३. वीस मिनिटांचा हिशेब

आता एक छोटं गणित. समजा, रांजणगावच्या एका कारखान्यात एकाला महिना २६ हजार रुपये पगार आहे. महिन्याचे कामाचे दिवस २६, म्हणून दिवसाला १,००० रुपये. आठ तासांनी भागलं की तासाला १२५. कायद्यानं ओव्हरटाइम (ओटी) दुप्पट दरानं, म्हणजे तासाला २५० रुपये.

हा माणूस घरी गेल्यावर रोज सरासरी वीस मिनिटं कामाच्या मेसेजवर घालवतो. कुणी विचारलं, कालचं प्रॉडक्शन किती झालं. कुणी फोटो मागितला. कुणी उद्याची माणसं ठरवायला सांगितली. वीस मिनिटं गुणिले २६ दिवस म्हणजे ५२० मिनिटं, म्हणजे ८ तास ४० मिनिटं. ओटीच्या दरानं महिन्याला सुमारे २,१६७ रुपये होतात. बारानं गुणलं की वर्षाचे बरोबर २६ हजार. एक अख्खा पगार.

ओटी कोणत्या भत्त्यांवर मोजायचा याचे बारकावे इथे सोडले आहेत, त्यामुळे हा आकडा ढोबळ आहे. पण अंदाज यायला तेवढा पुरे. वर्षाचे १०४ तास, म्हणजे आठ तासांचे तेरा दिवस, बोटांवरून निघून जातात.

४. ज्याला मेसेज येतो, त्याला ओटी नाही

मग हे पैसे मागायचे का? इथे कायद्याची एक मजेशीर गोम आहे.

कामाच्या तासांचे भारतीय कायदे गिरणीच्या भोंग्याच्या काळात घडले. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे मुंबईच्या गिरणी कामगारांना १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळू लागली. १९४८ च्या कारखाने अधिनियमानं आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आणि दुप्पट ओटी घातला. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झालेल्या श्रमसंहितांनीही आठवड्याचे ४८ तास आणि दुप्पट दर कायम ठेवले. या सगळ्यांच्या मनातलं चित्र एकच: कामगार गेटातून आत आला की काम सुरू, बाहेर पडला की संपलं.

यंत्रावरच्या ऑपरेटरला हे चित्र लागू पडतं. घरी गेल्यावर त्याला यंत्र चालवता येत नाही, म्हणून त्याला मेसेजही कमी येतात. मेसेजचा मारा होतो तो सुपरवायझर, इंजिनिअर, लेखा विभाग, एचआर यांच्यावर. आणि नेमकी हीच माणसं कायद्याच्या कुंपणाबाहेर राहू शकतात. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत ‘कामगार’ या व्याख्येतून व्यवस्थापकीय काम करणारे वगळले आहेत, आणि पर्यवेक्षकाचं काम करून महिना १८ हजार रुपयांपेक्षा जास्त वेतन घेणारेही. आपल्या गणितातला २६ हजारवाला सुपरवायझर असेल, तर त्याचा ओटी कागदावरच राहतो. (हुद्द्याचं नाव मोठं आणि काम ऑपरेटरचंच असेल तर न्यायालयं प्रत्यक्ष काम पाहतात, पण तिथवर जाणारे थोडेच.)

दुकानं आणि कार्यालयांसाठी महाराष्ट्रात २०१७ चा वेगळा अधिनियम आहे. त्यातही गोपनीय, व्यवस्थापकीय किंवा पर्यवेक्षकीय पदांना सूट आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं या कायद्यांत जे बदल मंजूर केले, ते कर्मचाऱ्याच्या दृष्टीनं उलट्या दिशेचे आहेत: कारखान्यांत दिवसाची मर्यादा ९ वरून १२ तास, दुकानं-कार्यालयांत ९ वरून १० तास, आणि तीन महिन्यांतल्या ओटीची मर्यादा दोन्हीकडे १४४ तास. आठवड्याचे ४८ तास तेवढे राहिले. दुकानं-आस्थापनांच्या कायद्याची मुख्य बंधनं आता १० ऐवजी २० किंवा अधिक माणसं असलेल्या ठिकाणांसाठी. शिरूरच्या बाजारपेठेतली बहुतेक दुकानं त्यामुळे मोकळीच.

असलेला कायदा तरी पाळला जातो का, हा पुढचा प्रश्न. जुलै २०२४ मध्ये पुण्यात एका बड्या लेखा-सल्लागार कंपनीत चार महिन्यांपूर्वीच रुजू झालेल्या २६ वर्षांच्या तरुणीचा मृत्यू झाला. तिच्या आईनं कंपनीच्या प्रमुखांना पत्र लिहून कामाच्या ताणाला दोष दिला. कंपनीनं तो नाकारला. मृत्यूच्या कारणाबद्दल मतभेद असू शकतात. पण श्रम विभागाच्या अधिकाऱ्यांनी कार्यालयाची तपासणी केली तेव्हा एक साधी गोष्ट बाहेर आली. ते कार्यालय २००७ पासून दुकानं-आस्थापनांच्या कायद्याखालच्या नोंदणीशिवाय चाललं होतं.

५. बारामतीच्या खासदारांचं विधेयक

घरी गेल्यावर फोन न उचलण्याचा हक्क भारतीय कायद्यात आणण्याचा पहिला ठळक प्रयत्न याच भागातून झाला, हे दौंडमध्येही फारसं कुणाला आठवत नाही. दौंड हा बारामती लोकसभा मतदारसंघाचा भाग आहे. तिथल्या खासदार सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर २०१८ मध्ये या हक्काचं विधेयक लोकसभेत मांडलं, आणि ५ डिसेंबर २०२५ रोजी ते नव्यानं पुन्हा मांडलं.

विधेयकाचा गाभा सोपा आहे. कामाच्या वेळेबाहेर आलेला फोन, मेसेज किंवा ईमेल न घेण्याचा हक्क कर्मचाऱ्याला असेल आणि त्यासाठी त्याच्यावर कारवाई करता येणार नाही. साहेबांनी संपर्क करूच नये, असं विधेयक म्हणत नाही. २०१८ च्या मसुद्यात दहापेक्षा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांनी कामगारांशी बोलून वेळेबाहेरच्या संपर्काच्या अटी ठरवाव्यात, अशी अपेक्षा होती. नियम मोडणाऱ्या कंपनीला एकूण कर्मचारी वेतनाच्या एक टक्का दंड सुचवला होता.

एक टक्का म्हणजे किती? समजा २०० माणसं, सरासरी पगार २५ हजार. वर्षाचा पगार ६ कोटी, दंड ६ लाख. रांजणगावातल्या मध्यम कंपनीच्या हिशेबनीसाची झोप उडवायला पुरेसा.

पण हे खासगी विधेयक आहे, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदारानं मांडलेलं. अशा विधेयकांसाठी संसदेत शुक्रवारची दुपार राखलेली असते, आणि बहुतेकांवर चर्चेचीही वेळ येत नाही. स्वातंत्र्यानंतर आजवर फक्त १४ खासगी विधेयकं कायदा होऊ शकली. शेवटचं १९७० मध्ये. म्हणून दौंडच्या नोकरदारानं ‘आता कायदा आहे’ असं समजून साहेबांना ऐकवायला जाऊ नये. तरी अशी विधेयकं अगदीच वाया जात नाहीत. तृतीयपंथीयांच्या हक्कांचं खासगी विधेयक २०१५ मध्ये राज्यसभेत संमत झालं आणि पुढे अडलं, पण सरकारला २०१९ मध्ये त्या विषयावर स्वतःचा कायदा आणावाच लागला. केरळच्या विधानसभेतही २०२५ मध्ये खासगी क्षेत्रातल्या कर्मचाऱ्यांसाठी असंच खासगी विधेयक पुढे आलं.

६. तीन देश, तीन वाटा

फ्रान्समध्ये या गोष्टीची सुरुवात एका रुग्णवाहिका चालकापासून झाली. कामाच्या वेळेबाहेर त्यानं स्वतःच्या मोबाइलवर आलेले फोन उचलले नाहीत, म्हणून मालकानं त्याला काढलं. फेब्रुवारी २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं की यात गैरवर्तन काहीच नाही. पुढे १ जानेवारी २०१७ पासून कायदाच आला: ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांनी संघटनांशी बसून नियम ठरवावेत. काय ठरवायचं ते कायदा सांगत नाही, बसायला लावतो.

पोर्तुगालनं दुसरं टोक गाठलं. २०२१ च्या अखेरीस तिथे बंधन मालकावर आलं: कर्मचाऱ्याच्या विश्रांतीच्या वेळेत त्याच्याशी संपर्कच करायचा नाही, अगदी अपरिहार्य प्रसंग सोडून. फोन टाळण्याचं धाडस करायची पाळी कर्मचाऱ्यावर येत नाही, हे या पद्धतीचं मोठं बळ.

ऑस्ट्रेलियाची वाट मधली. २६ ऑगस्ट २०२४ पासून तिथे कर्मचारी वेळेबाहेरचा संपर्क नाकारू शकतो, मात्र तो नकार अवाजवी नसावा. १५ पेक्षा कमी माणसांच्या छोट्या व्यवसायांना हे वर्षभरानं लागू झालं. वाजवी-अवाजवी ठरवताना काय पाहायचं, हे तिथल्या कायद्यानं लिहूनच दिलं आहे. संपर्क कशासाठी केला? कसा केला, आणि त्यानं किती व्यत्यय आला? उपलब्ध राहण्याचा मोबदला मिळतो का? माणसाचं पद आणि जबाबदारी काय? घरची परिस्थिती काय?

या पाच प्रश्नांना ऑस्ट्रेलियाचा व्हिसा लागत नाही. कुरकुंभच्या रसायन कारखान्यात रात्री दोनला रिअॅक्टरचं तापमान चढू लागलं, तर प्रक्रियेची जबाबदारी असलेल्या इंजिनिअरला फोन जायलाच हवा. ऑगस्ट २०१९ मध्ये कुरकुंभच्या एका कारखान्याला रात्री आग लागली तेव्हा आसपासच्या लोकांना घरं सोडून जावं लागलं होतं. तिथे ‘माझी वेळ संपली’ या वाक्याला जागा नाही. त्याच इंजिनिअरला त्याच रात्री पुढच्या महिन्याच्या ऑडिटच्या फाइलबद्दल विचारलं, तर पहिल्याच प्रश्नाचं उत्तर त्याच्या बाजूनं जातं.

कायद्याची वाट न पाहता कंपनीनं स्वतः नळ बंद करण्याचं उदाहरणही आहे, आणि त्या कंपनीचं नाव चाकणच्या कारखान्यामुळे पुणे जिल्ह्याला चांगलंच माहीत आहे. फोक्सवॅगननं २०११ मध्ये जर्मनीत कामगार संघटनेशी करार केला: शिफ्ट संपल्यावर अर्ध्या तासानं कर्मचाऱ्यांच्या ब्लॅकबेरीवर ईमेल जाणं बंद, आणि दुसऱ्या दिवशी शिफ्टच्या अर्धा तास आधी पुन्हा सुरू. करार जर्मनीतल्या ठरावीक कर्मचाऱ्यांपुरता होता, वरिष्ठ व्यवस्थापक त्यात नव्हते. लक्षात घेण्यासारखं इतकंच की यंत्रणा बंद करणं तांत्रिकदृष्ट्या २०११ मध्येही सोपं होतं.

७. साहेबांना उत्तर खरंच लगेच हवं असतं का?

साहेबांची बाजूही ऐकायला हवी. लॉरा जुर्जे आणि व्हॅनेसा बोन्स या दोन संशोधकांनी २०२१ मध्ये यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. वेळेबाहेर पाठवलेल्या, तातडीच्या नसलेल्या ईमेलला किती लवकर उत्तर अपेक्षित आहे, हे त्यांनी पाठवणाऱ्यांना आणि घेणाऱ्यांना वेगवेगळं विचारलं. घेणारा जितकी घाई समजतो, तितकी घाई पाठवणाऱ्याला नसते, असं पुन्हा पुन्हा दिसलं. पाठवणाऱ्यानं ‘याची घाई नाही’ असं स्पष्ट लिहिलं की ही तफावत बरीच कमी होई.

रात्री साडेनऊला साहेबांना एक गोष्ट आठवते. विसरू नये म्हणून ते तिथल्या तिथे मेसेज टाकतात आणि झोपी जातात. इकडे सुपरवायझर लॅपटॉप उघडतो. सगळेच साहेब इतके निरागस नसतात हेही खरं. काहींना रात्री अकराला येणारा ‘ओके सर’ हा निष्ठेचा दाखला वाटतो. पण पहिल्या प्रकारच्या साहेबांसाठी उपाय फुकटात आहे. ईमेल लिहून ठरलेल्या वेळी पाठवायची सोय जीमेलमध्ये २०१९ पासून आहे.

व्हॉट्सॲपनं मात्र गोष्ट अवघड केली. नोव्हेंबर २०१४ मध्ये निळ्या टिका आल्या, आणि ‘पाहिलं नाही सर’ हे सभ्य खोटं बोलायची सोय गेली. टिका बंद करता येतात, पण ग्रुपमध्ये त्या चालूच राहतात, आणि कामाचे निरोप येतात ग्रुपवरच. तिथे एकानं रात्री ‘डन सर’ लिहिलं की बाकीच्या नऊ जणांची पंचाईत होते.

८. पूर्ण वेळ सरकारचा

सरकारी नोकरीत ‘सहा वाजले, सुटलो’ असं वाटणाऱ्यांनी मूलभूत नियम ११ वाचावा. हा नियम १९२२ पासूनचा. वेगळं काही ठरवलेलं नसेल, तर सरकारी नोकराचा पूर्ण वेळ त्याला पगार देणाऱ्या सरकारच्या हाती असतो, असा त्याचा आशय. तो केंद्राच्या कर्मचाऱ्यांसाठी आहे; राज्यांच्या सेवानियमांचा सूरही तोच. महाराष्ट्रात फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस पाच दिवसांचा आठवडा आला आणि कार्यालयाची वेळ पावणेदहा ते सव्वासहा झाली. पण जुलै २०२१ मध्ये सामान्य प्रशासन विभागानं मोबाइलच्या शिष्टाचाराबद्दल जे परिपत्रक काढलं, त्यात लोकप्रतिनिधी आणि वरिष्ठ अधिकारी यांचे फोन विनाविलंब घ्यावेत आणि दौऱ्यावर असताना मोबाइल बंद ठेवू नये, असं बजावलं होतं. तलाठी आणि ग्रामसेवकाला हे परिपत्रक वाचायचीही गरज नव्हती. पंचनामे आणि निवडणूक यांच्या दिवसांत त्यांच्या फोनला तशीही उसंत नसते.

सर्वांत अवघड जागा अंगणवाडीताईंची. कागदोपत्री त्या मानसेवी. पगार मिळत नाही, मानधन मिळतं. (ग्रॅच्युइटीचा हक्क त्यांना आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२२ मध्ये ठरवलं.) अंगणवाडी काही तासांची, पण मुलांची वजनं, उंची, आहार यांची नोंद २०२१ पासून पोषण ट्रॅकर या ॲपवर करायची असते. गावात रेंज नसेल तर ते काम घरी, संध्याकाळी. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारनं दिलेले निकृष्ट मोबाइल कार्यालयांत नेऊन परत केले. ज्या फोनवर साहेबांचे मेसेज यायचे, तो फोनच साहेबांच्या टेबलावर ठेवून यायचा, असा तो निषेध होता.

९. मग उत्तर काय द्यायचं?

तर साडेनऊच्या मेसेजकडे परत. आज भारतात, महाराष्ट्रात, तो नाकारण्याचा लेखी हक्क नाही. उत्तर देण्याची सरसकट सक्तीही नाही. नेमणूकपत्रात काय लिहिलंय, ते आधी पाहावं. ‘गरजेनुसार उपलब्ध राहावे लागेल’ असं वाक्य असेल, तर गरज कोण ठरवणार आणि त्याचा मोबदला किंवा बदली सुट्टी मिळणार का, हे रुजू होतानाच विचारणं सोपं असतं. नंतर अवघड.

ज्या विभागांत हे जमलं आहे, तिथे बहुधा एक साधा संकेत ठरलेला दिसतो: तातडीचं असेल तर फोन, बाकी सगळं मेसेजवर, आणि मेसेजचं उत्तर सकाळी. लाइन बंद पडली, अपघात झाला, उद्याची पहिली गाडी अडली, की फोन. फोन करायला साहेबांनाही थोडा संकोच वाटतो. तो संकोच मोठा उपयोगी आहे. निम्मे निरोप तिथेच गळतात.

उत्तर द्यावंच लागलं तर ते काम पुढे ढकलणारं, पण साहेबांची काळजी मिटवणारं असावं. ‘पाहिलं सर, सकाळी आल्यावर आधी हेच घेतो’ एवढं पुरतं. ‘बघतो’ हे वाईट उत्तर. त्यावर हमखास दुसरा मेसेज येतो. रात्री खरंच काम केलं, तर त्याची वेळ सकाळी एका ओळीच्या ईमेलवर टाकून ठेवावी. कॉलबॉयच्या बुकातल्या सहीचं काम ती ओळ करते, आणि पुढे ओटी, बदली सुट्टी किंवा वार्षिक मूल्यमापन यांचा विषय निघाला की दाखवायला काहीतरी राहतं.

एक गोष्ट या चर्चेत नेहमी सुटते. ‘कामाच्या वेळेबाहेर’ म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे संध्याकाळ येते. थर्ड शिफ्ट करून सकाळी रांजणगाव एमआयडीसीजवळच्या कारेगावच्या रूमवर आलेल्या माणसाची मध्यरात्र दुपारी बाराला असते. जनरल शिफ्टचे साहेब त्या वेळी पूर्ण जोमात असतात, आणि त्यांच्या मते ते अगदी कामाच्या वेळेतच मेसेज करत असतात. तिन्ही शिफ्टची माणसं एकाच व्हॉट्सॲप ग्रुपवर असतील, तर चोवीस तासांत कुणाची ना कुणाची झोप मोडतेच. शिफ्टवार तीन ग्रुप करायला एचआरला दहा मिनिटंही लागणार नाहीत. आठवड्याला शिफ्ट बदलली की माणसं इकडून तिकडे हलवावी लागतील, एवढीच काय ती कटकट.